"पिशवी काढून टाका, मोकळ्या व्हाल"

अबोली_ऐरोली | ११ जून, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं इथे उकडीचे मोदक आणि ट्रान्स हार्बरची गर्दी यांवरच लिहीत आले. आजचा विषय वेगळा आहे, संकोच वाटतोय, पण विचारू कुणाला?

वय ४६. नोकरी महापेला, घर ऐरोलीत. वर्षभर पाळीचं तंत्र बिघडलंय. पहिले तीन दिवस दर दोन तासांनी पॅड बदलावं लागतं, गाठी पडतात. मागच्या महिन्यात ऑफिसच्या खुर्चीवर डाग पडला आणि ओढणी कमरेला गुंडाळून घरी आले. हिमोग्लोबिन ८.९. सोनोग्राफीत गर्भपिशवीत साडेचार सेंटिमीटरचा फायब्रॉइड, म्हणजे गाठ, निघाला, रिपोर्टात 'इंट्राम्युरल' असं लिहिलंय.

डॉक्टरांनी (नाव विचारू नका) रिपोर्ट वाचला, माझ्याकडे न बघता म्हणाले, "मुलं झालीत ना? मग पिशवी काढून टाका, मोकळ्या व्हाल." पुढचा प्रश्न, मेडिक्लेम आहे का. सगळं मिळून चार मिनिटं. आत टेबलावर घेऊन तपासलंसुद्धा नाही.

आई म्हणते काढ. मोठ्या जाऊबाईंची काढलीय, त्या म्हणतात सोन्यासारखं झालं. नवरा म्हणतो तू ठरव. सासूबाई या विषयावर बोलतच नाहीत, उठून देवघरात जातात.

ही गाठ पुढे कॅन्सरची होते का? आणि अधूनमधून अंगावरून पांढरं जातं, त्याचा गाठीशी काही संबंध?

पोहेकर | ११ जून, रात्री ११:१०

वाचतोय. बायकोलाही वाचायला देतो.

घोडबंदरची_राणी | ११ जून, रात्री ११:४७

अबोली, सही करायच्या आधी थांब.

माझी काढली तेव्हा मी ४१ ची होते. रक्तस्राव थांबला, ते खरंच. पण पिशवीसोबत दोन्ही बीजकोशही काढले होते, आणि हे मला घरी आल्यावर डिस्चार्ज कार्डावरून कळलं. विचारलं तर उत्तर आलं, "पुढे त्यात कॅन्सर होऊ शकतो, म्हणून काढले, बरंच झालं की." पंधरा दिवसांत अंगातून वाफा. रात्री दोन वाजता उठून कासारवडवलीच्या बाराव्या मजल्यावर गॅलरीत उभी राहायचे. आज ५३ ची आहे, हाडांची तपासणी केली तर सत्तरीच्या बाईसारखी. सही मीच केली होती. फॉर्म इंग्रजीत होता, मला इंग्रजी येतं, तरी वाचला नव्हता.

टाकाऊ_टिकाऊ | १२ जून, सकाळी ६:३५

अबोली, मी स्त्रीरोगतज्ज्ञ. सरकारी नोकरीत बावीस वर्षं काढली, आता ठाण्यात घरीच असते, नातवंडं आणि कुंड्या सांभाळते. तपासल्याशिवाय उपचार सांगणार नाही, पण दुसऱ्या डॉक्टरकडे जाताना काय विचारायचं ते सांगते.

फायब्रॉइड म्हणजे पिशवीच्या स्नायूचीच गाठ. कॅन्सर नव्हे. पन्नाशीपर्यंत निम्म्याहून कितीतरी जास्त बायकांना एखादी तरी असते, बहुतेकींना पत्ताही नसतो. सोनोग्राफी स्वस्त झाली तशा त्या दिसू लागल्या. स्नायूचा कॅन्सर होतो, पण फायब्रॉइड समजून काढलेल्या गाठींत तो हजारात एखादीत सापडतो, कदाचित त्याहून कमी. पाळी गेल्यावर या गाठी आपणहून आक्रसतात. पाळी गेल्यानंतरही एखादी वाढत राहिली तर मात्र आम्ही कान टवकारतो.

आकाराइतकीच जागा महत्त्वाची. तुमच्या फ्लॅटचंच उदाहरण घ्या. एक गाठ भिंतीत असते, ती तुमची इंट्राम्युरल. एक भिंतीबाहेर गॅलरीसारखी लोंबते. आणि एक हॉलमध्ये घुसते, म्हणजे पिशवीच्या पोकळीत. हॉलमधली दोन सेंटिमीटरची बाईला पांढरीफटक करून सोडते. गॅलरीतली दहाची वर्षानुवर्षं गुमान बसते, फार तर लघवीला वारंवार जावं लागतं. म्हणून पहिला प्रश्न: माझी गाठ पोकळीत किती शिरलीय?

दुसरा प्रश्न त्याहून मोठा, आणि तो तुम्हाला कुणी विचारलेला दिसत नाही: पिशवीच्या आतल्या अस्तराची बायोप्सी, म्हणजे नमुना काढून तपासणी, झाली का? पंचेचाळिशीनंतर रक्तस्रावाचं तंत्र बिघडलं की अस्तर तपासल्याशिवाय काहीच ठरवायचं नसतं. वजन जास्त, मधुमेह, पीसीओएस असेल तर त्याआधीसुद्धा. बारीक नळीने ओपीडीत पाच मिनिटांत नमुना घेतात. कळ येते, खोटं कशाला बोलू, पण भूल लागत नाही. फायब्रॉइड दिसला की सगळा दोष त्याच्या माथी मारायचा आणि अस्तराकडे बघायचंच नाही, ही आमच्या धंद्यातली जुनी खोड.

तिसरा प्रश्न: पिशवी न काढता काय काय करता येईल? बरंच काही. लोहाच्या गोळ्या किंवा सलाइनमधून लोह. पाळीच्या दिवसांत रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड, पूर्वी रक्ताची गुठळी झालेली असेल तर ते चालत नाही. हार्मोन सोडणारं मिरेना, दिसायला तांबीसारखंच, पण पाळी इतकी कमी करतं की बऱ्याच जणींची बंदच होते. पोकळी फार वेडीवाकडी असेल तर ते टिकत नाही, पडून जातं. नुसती गाठ काढायची शस्त्रक्रिया आहे, मांडीतल्या रक्तवाहिनीतून नळी घालून गाठीचा रक्तपुरवठा तोडायची सोय आहे. आणि हे सगळं करून भागलं नाही तर पिशवी काढणं, तेही चांगलं ऑपरेशन आहे. मी स्वतः शेकड्यांनी केलीत आणि बायका खरोखर सुटल्यात. राग ऑपरेशनवर नाही, चार मिनिटांवर आहे.

राणी, तुमचं वाचून वाईट वाटलं. पाळी जाण्याआधी निरोगी बीजकोश काढले तर हाडं आणि हृदय दोन्ही त्याची किंमत मोजतात. घरात बीआरसीए जनुकाचा दोष (त्याने स्तनाच्या आणि बीजकोशाच्या कॅन्सरचा धोका वाढतो) असेल तर गोष्ट निराळी. हल्ली पिशवी काढताना बीजकोश ठेवतात आणि नुसत्या नळ्या काढतात, कारण बीजकोशाचे म्हणून ओळखले जाणारे सगळ्यात वाईट कॅन्सर बऱ्याचदा नळीच्या टोकाला सुरू होतात असं दिसून आलंय.

पांढऱ्याचा आणि गाठीचा सहसा संबंध नसतो. त्यावर नंतर लिहिते, दूध उतू चाललंय.

मिरगुंड | १२ जून, दुपारी १:०५

कांचनार गुग्गुळ आणि अशोकारिष्ट तीन महिने. गाठ विरघळते, शंभर टक्के खात्री. आमच्याकडे तयार कोर्स मिळेल. व्यनि (खासगी निरोप) करा.

टाकाऊ_टिकाऊ | १२ जून, दुपारी २:४०

मिरगुंड, अठ्ठेचाळीस-पन्नाशीच्या बाईची गाठ पाळी गेल्यावर आपणच लहान होते, श्रेय मात्र त्या वेळी चालू असलेल्या काढ्याला जातं. आणि जिचं हिमोग्लोबिन ८.९ आहे तिला तीन महिने रक्त वाहू देत थांबा म्हणायचं? धंदा दुसऱ्या धाग्यावर करा.

निवांत_नेरुळ | १२ जून, रात्री ९:२०

पांढऱ्याबद्दल मलाही विचारायचंय, बरं झालं विषय निघाला. वर्षात तीन वेळा खाज आणि पांढरं झालं. दर वेळी मेडिकलवाल्याने तीच पुडी दिली, एक मोठी गोळी आणि एक लहान कॅप्सूल. चार दिवस बरं, महिन्याने पुन्हा तेच. शिवाय सुगंधी वॉश आणलाय, दिवसातून दोनदा वापरते. स्वच्छता ठेवूनही असं का?

शेवंती७१ | १२ जून, रात्री ९:५५

आमच्या आजीच्या मते हाडं झिजली की ती पांढरी होऊन अंगावरून जातात. म्हणून तांदळाचं धुवण आणि डिंकाचे लाडू. लाडू मला आवडायचे, त्यामुळे मी कधी वाद घातला नाही.

टाकाऊ_टिकाऊ | १३ जून, सकाळी ६:५०

शेवंती, लाडू खा, हाडं शाबूत आहेत. ओपीडीत मात्र रोज एक तरी बाई यायची, अंगावर पांढरं जातंय म्हणून कंबर दुखतेय, हात-पाय गळालेत, हाडं चाललीत अशी खात्री घेऊन. निम्म्यांना संसर्ग नसायचाच. रक्त कमी, झोप कमी, घरात कुणी विचारत नाही. 'पांढरं जातं' हे वाक्य म्हणायला सोपं, नवरा दारू पितो हे म्हणायला अवघड.

थोडं पांढरं जाणं हे तोंडात लाळ असण्याइतकंच साहजिक. पाळीच्या मध्यावर अंड्याच्या पांढऱ्यासारखं तार धरणारं येतं, तेही ठीक. काळजी केव्हा करायची ते सांगते.

दह्याच्या कवडीसारखं घट्ट, भयंकर खाज, वास फारसा नाही: बुरशी, कँडिडा. पातळ, राखाडी, मासळीचा वास, जो संबंधानंतर वाढतो, खाज कमी: ही बुरशी नसते. योनीतले चांगले जंतू, लॅक्टोबॅसिलस, कमी होऊन बाकीच्यांनी घर बळकावलेलं असतं. हिरवट-पिवळं, फेसाळ, आग होणारं: ट्रायकोमोनास, हा संबंधातून येतो. तिघांची औषधं वेगळी. मेडिकलवाल्याची पुडी म्हणजे दोन-तीन औषधं एकत्र, अंधारात दगड. सरकारी दवाखान्यातही लक्षणं बघून देतात त्या हिरव्या रंगाच्या किटमध्ये असंच मिश्रण असतं, पण तिथे आधी तपासणं आणि नंतर परत बोलावणं अपेक्षित असतं. मोठ्या सरकारी रुग्णालयांत यासाठी सुरक्षा क्लिनिक असतं, औषध फुकट. जायला लाजू नका, तिथल्या सिस्टरने सगळं पाहिलेलं असतं.

नेरुळबाई, दोन कामं करा. वॉश कचऱ्यात टाका. योनीचा आतला भाग आंबट असतो आणि त्या आंबटपणावरच चांगले जंतू जगतात. साबण, डेटॉल, सुगंधी वॉश यांनी तुम्ही पहारेकऱ्यालाच हाकलता. बाहेरून साधं पाणी पुरे. दुसरं, साखर तपासा. बुरशी पुन:पुन्हा होत असेल तर मी आधी रक्तातली साखर बघते, मग बाकीचं.

पावसाळ्यात या भागात कपडे वाळत नाहीत हेही आहेच. ओलसर अंतर्वस्त्रं, वर घट्ट जीन्स, लोकलमध्ये दीड तास. बुरशीला आणखी काय हवं? इस्त्री फिरवा.

कोपरीकर | १३ जून, सकाळी १०:१५

पुरुष आयडी आहे, माफ करा. बायकोच्या रिपोर्टात ट्रायकोमोनास आला. डॉक्टर म्हणाले तुम्हीही गोळ्या घ्या. मला तर काहीच त्रास नाही. घ्यायच्या का? आणि, कसं विचारू, याचा अर्थ काही वेगळा काढायचा का?

टाकाऊ_टिकाऊ | १३ जून, सकाळी ११:३०

घ्यायच्या, त्याच दिवसांत, आणि गोळ्या पूर्ण होऊन आठवडा उलटेपर्यंत संबंध टाळायचा. पुरुषात बहुधा लक्षणंच नसतात, म्हणून बाईला बरं करून घरी पाठवलं की पुन्हा होतं. अर्थाबद्दल: हा जंतू महिनोन्महिने, कधी त्याहून जास्त काळ गप्प राहू शकतो. कधी आला, कुणाकडून आला, हे रिपोर्ट सांगत नाही. त्यावरून घरात कोर्ट भरवू नका. बुरशीच्या बाबतीत मात्र नवऱ्याला सहसा औषध लागत नाही.

विचारलंत हे चांगलं केलंत. बहुतेक नवरे चिठ्ठी बायकोच्या पर्समध्येच ठेवतात.

मांजराकाठ | १४ जून, रात्री १०:३०

मूळ बीड जिल्हा, आता कळंबोली. पिशवीचा विषय निघाला की राहवत नाही.

माझ्या चुलतवहिनीची पिशवी २९ व्या वर्षी काढली. तक्रार काय, तर अंगावरून पांढरं जातं. वर ताईंनी लिहिलंय त्यातलं कुठलं तरी एक असणार, आठवड्याच्या गोळ्यांचं काम. तिला सांगितलं, ठेवलीस तर कॅन्सर होईल. उचल घेऊन ऑपरेशन केलं, आणि ती उचल फेडायला त्याच दिवाळीनंतर ऊस तोडायला गेली. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीची एक जोडी. बाई पाळीत बसून राहिली तर खाडा पडतो, मुकादम पैसे कापतो. फडावर ना संडास ना पाणी. मग मुकादमालाही पिशवी नसलेली बाई सोयीची आणि बाईलाही वाटतं, गेली कटकट.

२०१९ मध्ये गाजावाजा झाला, आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. पाहणी केलेल्या ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. नंतर परवानगीचे नियम वगैरे आले. वहिनी आता चाळिशीत आहे, गुडघे धरून चालते.

ऐरोलीतल्या मेडिक्लेमवाल्या बाईला आणि फडावरच्या बाईला एकच वाक्य ऐकायला मिळतं, 'मोकळ्या व्हाल'. गंमत वाटली.

घोडबंदरची_राणी | १४ जून, रात्री १०:५८

गंमत नाही वाटली मला. पण हो, शब्दसुद्धा तेच.

खारघरची_टेकडी | १५ जून, दुपारी ३:१५

आईच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी दीड वर्ष खारघरच्या टाटाच्या, म्हणजे सेक्टर २२ मधल्या अ‍ॅक्ट्रेकच्या फेऱ्या मारल्यात. फाईल काढण्यापासून रेडिएशनपर्यंत सगळं पाठ झालंय. आई आज ठीक आहे. पण तिथे बाकावर बसून एक गोष्ट पुन:पुन्हा ऐकली, "दोन वर्षांपूर्वी पिशवीची सोनोग्राफी केली होती हो, नॉर्मल होती." सोनोग्राफीत गर्भाशयमुखाची सुरुवात दिसत नाही! आईचंही तेच. संबंधानंतर लाल डाग पडतो हे तिने कुणाला सांगायचं? बाबांना माहीत होतं, बाबा मुलीला कसं सांगणार?

हा कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो त्या एचपीव्हीची लागण बहुतेकींना आयुष्यात कधी ना कधी होते आणि वर्ष-दोन वर्षांत आपोआप जाते. ज्यांच्यात ठाण मांडतो त्यांच्यात कॅन्सर व्हायला पंधरा-वीस वर्षं लागतात. एवढा वेळ दुसरा कुठला कॅन्सर देतो? तरी भारतात २०२० या एका वर्षाचा अंदाज सुमारे १ लाख २४ हजार नव्या रुग्णांचा आणि ७७ हजार मृत्यूंचा होता.

यावर मोठं काम आपल्याच राज्यात झालंय. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने दीड लाख बायकांवर १९९८ पासून अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका गर्भाशयमुखाला सौम्य अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, म्हणजे जवळपास आपलं व्हिनेगर, लावून बघत. बिघडलेल्या पेशी मिनिटभरात पांढऱ्या दिसतात. २०१३ मध्ये निकाल सांगितले, मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. उरलेल्या वस्त्यांतल्या बायकांची तपासणीच केली नाही म्हणून त्यावर टीकाही झाली, आणि मला ती पटते. बार्शीच्या केंद्राने तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १ लाख ३१ हजार बायकांवर केलेल्या अभ्यासात तर आयुष्यात फक्त एकदा एचपीव्ही चाचणी केल्याने आठ वर्षांत मृत्यू जवळपास निम्मे झाले. तो २००९ मध्ये छापून आला. बार्शीजवळच्या खेड्यातल्या बाईने जगाला शिकवलं आणि आपण वाशीत मॉलसमोर राहून तपासणी करत नाही.

टाकाऊ_टिकाऊ | १५ जून, संध्याकाळी ५:०५

टेकडीला अनुमोदन. फक्त एक गैरसमज आधीच खोडते: पॅप किंवा एचपीव्ही चाचणी गर्भाशयमुखापुरती. ती नॉर्मल आली म्हणजे अस्तर आणि बीजकोशही ठीक, असं नसतं. तिशीनंतर दर पाच वर्षांनी एचपीव्ही चाचणी, पासष्टीपर्यंत. सरकारी आरोग्य केंद्रांत तीस ते पासष्ट वयात व्हिनेगरवाली तपासणी कार्यक्रमात आहे, विचारलं तर करतात. विचारावं लागतं.

पोहेकर | १५ जून, रात्री ८:४०

मुलगी १२ वर्षांची. एचपीव्हीची लस द्यावी का? शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर एका काकूंनी लिहिलं, ही लस म्हणजे मुलींना परवाना देण्यासारखं आहे. मी गप्प बसलो.

टाकाऊ_टिकाऊ | १५ जून, रात्री ९:३०

धनुर्वाताची लस दिली म्हणून मूल खिळ्यावर उड्या मारत नाही.

द्या. ९ ते १४ हेच वय, कारण विषाणूशी गाठ पडण्याआधी लस दिली तरच पुरता फायदा. या वयात सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस, पंधरानंतर तीन. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये ९ ते २० वयात एक डोसही चालेल असं म्हटलंय, त्यामागे भारतातल्याच मुलींची आकडेवारी मोठ्या प्रमाणावर आहे. आपल्या पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक २०२२ मध्ये मंजूर झाली, बाजारात डोसला दोन हजारांच्या आसपास. गर्भाशयमुखाचे साधारण ७० टक्के कॅन्सर ज्या १६ आणि १८ नंबरच्या प्रकारांमुळे होतात ते दोन्ही त्यात आहेत. उरलेल्या ३० टक्क्यांसाठी तपासणी पुढेही करावी लागणार, लस घेतली म्हणून सुट्टी नाही. मुलांनाही देता येते.

कळव्याची_मावशी | १६ जून, दुपारी १२:२०

आमच्याकडचं वेगळंच. भाचीच्या पोटात पाणी झालं, वजन उतरलं, रक्ततपासणीत सीए-१२५ तीनशेच्या वर. गूगलवर बघितलं, बीजकोशाचा कॅन्सर. बहिणीने अन्न सोडलं. शेवटी दुर्बिणीतून तुकडा काढला तर निघाला टीबी! सहा महिने एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, चालली, आता टुणटुणीत आहे.

टाकाऊ_टिकाऊ | १६ जून, दुपारी १:४५

मावशी, हे फार कामाचं लिहिलंत. सीए-१२५ टीबीत वाढतो, एंडोमेट्रिओसिसमध्ये वाढतो, फायब्रॉइडमध्ये, अगदी पाळीच्या दिवसांतही थोडा वाढतो. पॅकेजमध्ये आहे म्हणून हौसेने करू नका. आपल्या देशात पोटात पाणी आणि वाढलेला सीए-१२५ दिसला की तुकडा तपासल्याशिवाय कॅन्सर म्हणायचं नाही.

टीबी नळ्यांतही बसतो, अगदी चोरासारखा. ना खोकला, ना ताप. मूल होत नाही म्हणून तपासायला जावं तेव्हा सापडतो, तोवर नळ्या चिकटलेल्या असतात. औषध फुकट आहे, जंतू मरतो, पण नळी पुन्हा उघडेलच असं नाही.

याच्या उलट बाजूही सांगते. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या बाईला नव्यानेच रोज पोट फुगल्यासारखं वाटतंय, दोन घास खाल्ले की भरल्यासारखं होतंय, लघवीला सारखं जावं लागतंय आणि हे दोन-तीन आठवडे चाललंय, तर गॅसच्या गोळ्या घेत बसू नका. बीजकोशाच्या कॅन्सरला सरसकट उपयोगी पडेल अशी चाळणी चाचणी नाही, त्यामुळे ही कुरबुरच तेवढी आधी ऐकू येते. तरुण मुलींच्या बीजकोशातल्या पाण्याच्या साध्या गाठी मात्र दोन-तीन पाळ्यांत जातात, त्यासाठी घाईने पोट उघडू नका. (अवांतर: डर्मॉइड नावाच्या गाठीत केस आणि दात निघतात. पहिल्यांदा बघितली तेव्हा मी जेवले नव्हते.)

निवांत_नेरुळ | २१ जून, रात्री ८:१०

साखर तपासली. उपाशीपोटी १७८. घरात कुणालाच माहीत नव्हतं, मला तर नाहीच. वॉश फेकला. टाकाऊ_टिकाऊ ताई, काय बोलू.

अबोली_ऐरोली | ९ जुलै, रात्री ११:०५

उशीर झाला, क्षमस्व. ऑडिट चालू होतं.

नौपाड्यातल्या एका बाईंकडे गेले. प्रश्न वहीत लिहून नेले होते, त्यांनी वही बघितली आणि हसल्या, "कुणी शिकवून पाठवलंय?" टेबलावर घेऊन तपासलं. एचपीव्ही चाचणी केली, अस्तराची बायोप्सी केली. टाटि ताई, कळ येते म्हणाला होतात, ती 'कळ' नव्हती, मी छताला मुंगी शोधत होते. पण खरोखर पाच मिनिटं. दोन्ही रिपोर्ट चांगले आले. गाठ पोकळीला जेमतेम टेकलीय. सलाइनमधून लोह दिलं, दोन वेळा. मिरेना बसवलं, तीन-चार महिने अधूनमधून डाग पडतील, घाबरू नका म्हणाल्या. सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी. पांढरं म्हणाल तर काहीच नव्हतं, साधंच.

जाऊबाई म्हणाल्या, एवढ्या भानगडी करण्यापेक्षा काढून टाकली असती. त्यांना त्यांचं पटलंय, माझं काही म्हणणं नाही.

घोडबंदरची_राणी | ९ जुलै, रात्री ११:२१

हुश्श.

अबोली_ऐरोली | २ ऑगस्ट, रात्री १२:१०

हे लिहू की नको असं दोन दिवस चाललंय. सासूबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या लिही.

परवा रविवारी मी हा धागा मोबाईलवर मोठ्याने वाचत होते, नवऱ्यासाठी. सासूबाई वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या, या वेळी देवघरात गेल्या नाहीत. तो बाजारात गेल्यावर म्हणाल्या, "मला परत पाळी येते गं."

वय ६८. पाळी जाऊन सतरा वर्षं झाली. मधुमेह आहे, वजन ८४. सात महिने थोडं थोडं लाल जातंय. त्यांना वाटलं उष्णता असेल. नंतर वाटलं, या वयात लोक काय म्हणतील. जुन्या सुती साडीचे तुकडे करून वापरायच्या आणि मी ऑफिसला गेले की धुऊन गच्चीवर टाकीमागे वाळत घालायच्या. माझ्या हिमोग्लोबिनची चर्चा याच खोलीत दोन महिने चालली होती.

सोनोग्राफी झाली. अस्तर १४ मिलिमीटर. बायोप्सी सोमवारी.

टाकाऊ_टिकाऊ | २ ऑगस्ट, पहाटे ५:५०

पाळी गेल्यानंतर 'परत' येत नसते, अबोली, हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नसणार. एक थेंबही तपासायचा असतो. या वयात अस्तर ४ मिलिमीटरपर्यंत असेल तर धोका फार कमी, १४ म्हणजे नमुना हवाच. तरी लक्षात ठेव, असा रक्तस्राव होणाऱ्या साधारण दहातल्या एकीलाच कॅन्सर निघतो. बाकी कोरडेपणा, पॉलिप अशीच कारणं. आणि असलाच, तर अस्तराचा कॅन्सर रक्ताने लवकर ओरडतो, म्हणून बहुतेकदा पिशवीतच असताना सापडतो. सात महिन्यांबद्दल त्यांना काही बोलू नकोस.

अबोली_ऐरोली | ११ ऑगस्ट, रात्री ९:४०

आहे. अस्तराचाच, पहिल्या ग्रेडचा. एमआरआयमध्ये पिशवीच्या बाहेर काही दिसत नाहीये. टेकडी, तुझा फोन झाला तेव्हा रडले, सॉरी. तू सांगितलंस तसं सगळे जुने कागद एका फाईलमध्ये लावले.

खारघरची_टेकडी | ११ ऑगस्ट, रात्री ९:५२

सॉरी काय त्यात. सकाळची पनवेल लोकल धर, ऐरोलीहून थेट आहे. डबा घेऊन जा, पाण्याची बाटली दोन, आणि त्यांच्यासाठी उशी. बाक कडक आहेत.

अबोली_ऐरोली | १४ सप्टेंबर, संध्याकाळी ७:३०

ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले, दुर्बिणीतून. पिशवी, नळ्या, बीजकोश सगळं काढलं. अंतिम रिपोर्ट आला, पहिली पायरी, स्नायूत फार खोल गेलेला नाही, रेडिएशन लागणार नाही म्हणाले. दर तीन-चार महिन्यांनी दाखवायचं.

आमच्या घरात पिशवी काढायची चर्चा माझी चालली होती. भूल उतरल्यावर सासूबाईंचं पहिलं वाक्य, "तुझी ठेवलीस ना?" काल जाऊबाई भेटायला आल्या, त्यांना म्हणाल्या, "मोकळी झाले गं." आम्ही तिघी इतक्या हसलो की त्यांनी टाक्यांवर हात धरला.

कळव्याची_मावशी | १४ सप्टेंबर, संध्याकाळी ७:४४

बाई गं. दृष्ट काढा त्यांची.

पोहेकर | १४ सप्टेंबर, रात्री ८:१५

लेकीचा पहिला डोस जूनअखेर झाला, दुसरा डिसेंबरमध्ये. दंड दुखला म्हणून दोन दिवस गृहपाठ केला नाही. पालकांच्या ग्रुपवर मी लिहिलं या वेळी.

सांजवारा | १५ सप्टेंबर, पहाटे १:२०

पहिल्यांदाच लिहितेय, एरवी नुसती वाचते. आईचं वय ७१. काल तिच्या बिछान्याच्या चादरीवर डाग दिसला. विचारलं तर म्हणाली मूळव्याध आहे, जुनी. तिला मूळव्याध कधीच नव्हती. आम्ही वर्तकनगरला राहतो. तिला घेऊन कुणाकडे जाऊ? आणि तिला काय सांगून नेऊ?

टाकाऊ_टिकाऊ | १५ सप्टेंबर, पहाटे ५:३५

साखर तपासायची आहे म्हणून सांग, ती करूनही घे. पत्ता व्यनि केलाय. आजच जा, अकराच्या आत, नंतर तिथे गर्दी होते.